भाकरी काठाला चिरते तेव्हा

भाकरी चिरायला लागली की आपण हाताला दोष देतो. आधी पीठ बघा. आमच्याकडे मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी यायची आणि आई एका वेळी २ किलोच दळून आणायची, कारण पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. जुनंच पीठ असेल तर उकळतं पाणी घाला, चमच्याने कालवा आणि हाताला सोसेल इतकं निवलं की मळा.

मळणं मात्र उरकू नका. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे चिकटपणा रगडूनच आणावा लागतो. एका भाकरीपुरतंच पीठ घेऊन तळहाताने दाबून रगडायचं, लोण्यासारखं मऊ होईपर्यंत. माझी निम्मी भाकरी इथेच होते.

परातीत पीठ भुरभुरून थापा. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवा आणि लगेच पाण्याचा हात फिरवा. पाणी पुरतं सुकायच्या आत उलटा, नाहीतर भेगा पडतात. ती बाजू भाजली की पहिली बाजू थेट आचेवर धरा. भाकरी टम्म फुगून कडेतून वाफ सुटली की पापुद्रा उचला आणि गरम असतानाच आत तूप नि लसणाची चटणी भरा.