प्रॉम्प्ट परत आला म्हणजे डिस्क मोकळी झाली असं नाही

गेस्टमाउंट या लिनक्स आदेशाने फोल्डरसारखी जोडलेली (माउंट केलेली) व्हीएमची, म्हणजे आभासी संगणकाची, डिस्क गेस्टअनमाउंटने काढली की टर्मिनलचा प्रॉम्प्ट लगेच परत येतो, पण मागची गेस्टमाउंट प्रक्रिया तेव्हाही इमेजमध्ये (डिस्कच्या फाइलमध्ये) डेटा लिहीत असू शकते. त्याच क्षणी व्हीएम सुरू केली किंवा इमेज कॉपी केली, तर फाइलसिस्टिम बिघडू शकते. म्हणून माउंट करतानाच ‘--पिड-फाइल’ हा प्रक्रियेचा क्रमांक फाइलमध्ये लिहून ठेवणारा पर्याय द्या. अनमाउंटनंतर त्या फाइलमधला क्रमांक घेऊन ‘किल -०’ने (हा आदेश प्रक्रिया बंद करत नाही, ती चालू आहे का एवढंच पाहतो) तपासत राहा, प्रक्रिया संपेपर्यंत इमेजला हात लावू नका. प्रक्रिया जबरदस्तीने मारणारा ‘किल -९’ तर मुळीच नको, लिहायचं राहिलेलं हमखास जाईल.

अनमाउंट करताना ‘बिझी’ (अजून वापरात आहे) असा संदेश आला तर गेस्टअनमाउंट स्वतःच आणखी ५ वेळा प्रयत्न करतं. तरीही अडलं तर बहुधा एखादं टर्मिनल डिस्क जोडलेल्या फोल्डरमध्येच उघडं असतं. तिथून बाहेर पडा.

चालू व्हीएमची डिस्क फक्त ‘--आरओ’नेच (केवळ वाचण्यापुरती) जोडावी.