साखरेच्या गोळ्या निर्यात करायच्या तर आधी देश ठरवा, मग पाक

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची कमतरता नाही, त्यामुळे गोळ्या-टॉफीवाल्याला कच्चा माल दारातच मिळतो. निर्यातीत मात्र पहिला घोळ याच साखरेवरून होतो. आपल्याकडची बहुतेक एम-३० आणि एस-३० (दाणा आणि रंगावरून ठरणाऱ्या प्रती) साखर सल्फिटेशनने, म्हणजे गंधकाच्या धुराने, पांढरी केलेली असते आणि तिच्यात सल्फर डायऑक्साइडचा अंश उरतो. तयार मालात तो किलोला १० मिलिग्रॅमच्या वर गेला, की युरोपात लेबलवर ॲलर्जीचा घटक म्हणून ठळक छापावा लागतो. शिवाय अशा साखरेतल्या राखेमुळे पाक फेसाळतो, पिवळट पडतो. म्हणून ४५ इकुम्साच्या (साखरेचा रंग मोजायचे एकक; आकडा जितका कमी, तितकी साखर पांढरी) आतली रिफाइन्ड साखर घ्या. लिक्विड ग्लुकोजमध्येही हाच गंधकाचा अंश असतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. पुरवठादाराकडून प्रत्येक लॉटचा रिपोर्ट मागा.

साखरेची निर्यात जून २०२२ पासून निर्बंधांखाली आहे, म्हणून गोळ्याही अडतील अशी धास्ती असते. निर्बंध एचएस कोड (कस्टमचा माल ओळखायचा क्रमांक) १७०१ ला आहेत, म्हणजे नुसत्या साखरेला. गोळ्यांचा कोड १७०४. जेली १७०४ ९० १०, उकळून केलेली कडक गोळी १७०४ ९० २०, टॉफी आणि कॅरमेल १७०४ ९० ३०. कोको पावडर पडली की माल थेट १८०६ मध्ये जातो. गंमत म्हणजे पांढरे चॉकलेट १७०४ मध्येच राहते. कोड चुकला की समोरच्या देशातली ड्यूटीही चुकते आणि आयातदार पुढच्या वेळी फोन उचलत नाही.

आता रंग. माल सगळ्यात जास्त इथेच अडतो. लाल गोळीत आपण सर्रास कार्मोझिन हा कृत्रिम लाल रंग घालतो. भारतात १०० पीपीएमपर्यंत (किलोला १०० मिलिग्रॅम) ते चालते. युरोपात चालते, पण मर्यादा वेगळी, आणि मुलांच्या वागण्यावर व एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो असा इशारा पाकिटावर छापावा लागतो. टार्ट्राझिन (पिवळा), सनसेट यलो (नारिंगी) आणि पाँसो ४आर (लाल) या रंगांनाही तोच नियम. अमेरिकेत कार्मोझिन आणि पाँसो ४आर दोन्ही बंद. तिथे टार्ट्राझिन चालते, पण एफडीएने (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने) तपासून प्रमाणित केलेल्या लॉटमधलेच; इथल्या बाजारातला आयएसआय मार्कचा डबा तिथे कामाचा नाही. एरिथ्रोसिन या गुलाबी-लाल रंगाची परवानगीही अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये काढून घेतली, खाद्यपदार्थांना मुदत १५ जानेवारी २०२७ पर्यंत. कोटिंगमधला पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड युरोपात २०२२ पासून बंद आहे.

एकच पाककृती सगळीकडे पाठवायची असेल तर नैसर्गिक रंगांवर या. बीटचा रंग कढईच्या उष्णतेत टिकत नाही. काळ्या गाजराचा रंग आंबट गोळीत छान लाल राहतो. पाक थंड करायच्या ओट्यावर ओतल्यावर आम्लाबरोबर घाला.

पाकाचे प्रमाण: ६० किलो साखर, ४० किलो लिक्विड ग्लुकोज, साखर विरघळण्यापुरते २० लिटर पाणी. उघड्या कढईत समुद्रसपाटीला १४८ ते १५० अंशांवर उतरवतात. सोलापूर साधारण ४५० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८.५ अंशांच्या आसपास उकळते. म्हणजे पुस्तकातला आकडा गाठेपर्यंत पाक दीड अंश जास्त शिजतो आणि करपट पिवळा होतो. रोज सकाळी थर्मामीटर उकळत्या पाण्यात बुडवा आणि १०० ला जितका कमी पडेल तितका शेवटच्या आकड्यातून वजा करा. सायट्रिक आम्ल एक टक्का, पण पाक ११० अंशांपर्यंत उतरल्यावरच. कढईत घातले तर साखर फुटते, म्हणजे तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि गोळी चार दिवसांत पाकिटाला चिकटते. ग्लुकोज कमी पडले तर उलटे होते: गोळी आतून दाणेदार आणि पांढुरकी होते.

कागदपत्रांत अवघड काही नाही, तारखा सांभाळाव्या लागतात. निर्यातीला एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) केंद्रीय परवाना लागतो. त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर अर्ज करा. डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालयाचा) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक, दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट केला नाही तर बंद पडतो. जीएसटीचे एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र (फॉर्म आरएफडी-११), दर आर्थिक वर्षाला नव्याने भरा. नाहीतर आधी कर भरून परताव्याची वाट पाहावी लागते. कन्फेक्शनरी अपेडाच्या (कृषी-खाद्य निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या) यादीत आहे, त्यामुळे आरसीएमसी, म्हणजे निर्यातदार नोंदणीचे प्रमाणपत्र, तिथूनच घ्या. बँकेचा एडी कोड (परकीय चलन हाताळणाऱ्या शाखेचा क्रमांक) बंदरावर नोंदवलेला नसेल तर शिपिंग बिलच निघत नाही. अमेरिकेसाठी कारखान्याची एफडीए नोंदणी हवी, ती दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नूतनीकरण करायची.

जेलीत जिलेटिन असेल तर आखाती देशांसाठी हलाल प्रमाणपत्र आणि अरबी लेबल आधी तयार ठेवा. दूध किंवा जिलेटिन असलेला माल युरोपला जाणार असेल, तर ते घटक युरोपने मान्य केलेल्या कारखान्यातले हवेत; नवख्याने ही वाट धरू नये. तीळ १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेत ॲलर्जी घटक आहे. म्हणून गड्ड्याच्या यात्रेसाठी ज्या ओट्यावर तिळाची रेवडी केली, तोच ओटा नुसता पुसून निर्यातीची गोळी ओतू नका.

पॅकिंगच्या खोलीत आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आत हवी. एप्रिलमध्ये सोलापूरची हवाच ते काम करते, आणि तिथेच फसगत होते, कारण मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराच्या यार्डात दमट उकाडा असतो. घरच्या घरी चाचणी घ्या: घट्ट झाकणाच्या डब्यात वाटीभर ओले मीठ ठेवा, आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. सीलबंद पाकीट त्यात दहा दिवस ठेवा आणि आधी-नंतर वजन करा. वजन वाढले तर सील किंवा फिल्म बदला. कंटेनरमध्ये कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगा आणि प्रत्येक बॅचची दोन पाकिटे मुदत संपेपर्यंत कपाटात ठेवा. तक्रार आली की आधी तीच फोडून बघायची असतात.