धुरी दिलेला बंगडा आणि बटाट्याचं सॅलड: या चुका टाळा

वडोदऱ्याला समुद्र नाही. मासळी येते ती वेरावळकडून, बर्फात, आणि मे महिन्यात इथे बर्फ किती टिकतो हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे पहिली चूक बाजारातच होते, घासाघीस करून दुपारचा उरलेला बंगडा घेण्याची. कल्ले लाल हवेत, पोट घट्ट हवं. शिळ्या बंगड्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते ना धुरानं जातं, ना शिजवून. खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, आणि दोष मात्र लिंबाला दिला जातो.

माझं पहिलं सॅलड फसलं ते पाण्यामुळे. धुतलेला मासा तसाच कढईत ठेवला. वरून ठिपक्याठिपक्यांनी काळा झाला, आतून आंबूस लागला. ओल्या मासळीवर धूर नीट बसत नाही. आता मी काटे काढून तुकड्यांना मीठ चोळते, अर्ध्या तासानं धुते, फडक्यानं टिपते आणि दोन तास फ्रिजमध्ये उघडेच ठेवते. बोट लावलं की किंचित चिकट लागायला हवं. एवढा वेळ नसेल तर सरळ तळून खा.

डाळीला देतो तशी निखाऱ्याची धुरी कच्च्या माशाला देऊ नका. त्यानं वास येतो, मासा शिजत नाही. शिवाय हुक्क्याचे झटपट पेटणारे कोळसे तर मुळीच नकोत, त्यात पेटवण्याची रसायनं असतात. घरी सोपी आहे ती चहाची धुरी. लोखंडी कढईत फॉइल अंथरून तीन चमचे तांदूळ, दोन चमचे चहापूड, एक चमचा साखर. वर जाळी. धूर येऊ लागला की मासा ठेवायचा, झाकणाची कड कणकेनं लिंपायची, मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं, मग गॅस बंद करून पाच मिनिटं तसंच. मांस अपारदर्शक होऊन पाकळ्या सुटल्या की झालं. नाही तर आणखी थोडं. नॉनस्टिक भांडं नको, ते इतकं तापवायचं नसतं. आणि जास्त वेळ ठेवला म्हणजे जास्त चव, हा गैरसमज आहे. कडू होतो. तसा झालाच तर साल काढून टाका, कडवटपणा बराचसा तिथेच असतो.

खिडक्या उघड्या ठेवा. शेजारच्या बेननी एकदा दार वाजवून विचारलं होतं, "तमारे त्यां कंई बळे छे?" म्हणजे तुमच्याकडे काही जळतंय का? मासा आहे हे मी सांगितलं नाही.

बटाटा. कुकर विसरा. तीन शिट्ट्यांत भाजीचा बटाटा होतो, सॅलडचा नाही. उत्तर गुजरातमधल्या डीसाचे नवे, लहान, सारख्या आकाराचे घ्या. थंड मिठाच्या पाण्यात सालासकट टाकून मंद उकळवा. सुरी सहज गेली की पाणी काढून भांडं मिनिटभर पुन्हा गॅसवर हलवा, म्हणजे वाफ निघून जाते. शीतगृहातले बटाटे कधीकधी गोड लागतात, कारण थंडीत पिठाची साखर होते. ते काही दिवस बाहेर ठेवा.

कापून गरम असतानाच लिंबू आणि थोडं तेल घाला, गार बटाटा ते पीत नाही. फेसलेली मोहरी आणि चक्का मात्र गार झाल्यावरच घाला. चक्का गरमात पातळ होतो आणि मोहरीचा झणका वाफेबरोबर उडतो. मोहरी गार पाण्यात फेसून दहा मिनिटं तशीच ठेवली तर झणका वाढतो. काकडीला मीठ लावून पिळा. कांदाही. वरून शेपू.

मासा सगळ्यात शेवटी, मोठ्या पाकळ्यांत, वरून. मासा आधीच खारवलेला आहे, म्हणून मीठ चाखून मगच. तरीही पाणी सुटलं तर एक बटाटा आणखी उकडून कुस्करून मिसळा, दिसायला जरा गबाळं होतं पण चव वाचते.

उन्हाळ्यात ताटात वाढल्यावर तासाभरात संपवा, उरलं तर लगेच फ्रिजमध्ये.