नागपुरात घरी बसून गेम रेकॉर्ड करताना

माझं पहिलं मनासारखं जमलेलं रेकॉर्डिंग लाइट गेल्यामुळे वाया गेलं. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये दीड तास ट्रक चालवत मी मराठीत बोललो होतो. नंदनवनातली आमची खोली, बाहेर जूनमधलं वादळ, आणि एका झटक्यात सगळं बंद. लाइट आल्यावर फोल्डर उघडला तर तेरा जीबीची फाइल होती तिथेच, पण एकाही प्लेअरमध्ये सुरू होईना. वरच्या मजल्यावरचे दादा लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतात. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "एमपी४ मध्ये काहून ठेवलं बे?"

नेहमीच्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना, अगदी शेवटी लिहिली जाते. त्याआधीच पीसी बंद पडला तर आतलं चित्र डिस्कवर असतं, पण ते कुठून कुठवर आहे हे प्लेअरला कळत नाही. एमकेव्ही या दुसऱ्या फॉरमॅटचं तसं नाही. लाइट गेली तरी त्या क्षणापर्यंतचं रेकॉर्डिंग हाती राहतं. म्हणून ओबीएस स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकल्यावर सेटिंग्जमधल्या आउटपुटमध्ये सर्वात आधी रेकॉर्डिंग फॉरमॅट एमकेव्ही करा. तुमचा एडिटर एमकेव्ही घेत नसेल तर ओबीएसच्या फाइल मेनूत 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' आहे. चित्राला हात न लावता फक्त बाहेरचा डबा, म्हणजे फॉरमॅट, बदलतो, त्यामुळे काम पटकन होतं. ३०.२ आवृत्तीपासून हायब्रिड एमपी४ हा पर्यायही आला आहे. तोही अचानक बंद पडण्याला तोंड देतो, पण मी एमकेव्हीवरच आहे.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं? आजवर एकदाही रेकॉर्डिंग केलं नसेल तर आज काहीच डाउनलोड करू नका. विंडोज १० किंवा ११ वर विंडोज आणि जी दाबा, गेम बार उघडेल. विंडोज, ऑल्ट आणि आर दाबलं की रेकॉर्डिंग सुरू. तो फक्त चालू असलेला गेम किंवा अ‍ॅप टिपतो, पूर्ण डेस्कटॉप नाही. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्यांच्या अ‍ॅपमध्ये ऑल्ट आणि एफ९ हेच काम करतं, आणि एएमडीच्या अ‍ॅड्रेनलिनमध्येही रेकॉर्डिंगची सोय आहे. या सोप्या मार्गांची एक अडचण मला एडिटिंग करताना जाणवली. त्यांत फ्रेम रेट (एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं) कमीजास्त होत राहतो, आणि काही एडिटरमध्ये आवाज हळूहळू चित्राच्या मागेपुढे सरकतो. ओबीएस ठरलेल्या फ्रेम रेटने लिहितं. शिवाय ते मोफत आहे, ओपन सोर्स आहे, त्यात वेळेची मर्यादा नाही आणि कोपऱ्यात कुणाचा शिक्का नाही. शिक्का काढण्यासाठी क्रॅक शोधत फिरणारी मुलं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका, त्या फाइलींसोबत पीसीत काय शिरतं ते कळतही नाही.

आता एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग. इथे जरा थांबा, कारण नवखे सगळ्यात जास्त इथेच अडकतात. एक्स२६४ निवडलं तर हे दाबायचं काम सीपीयूवर पडतं, आणि गेमलाही तोच सीपीयू हवा असतो. माझ्याकडे आय५-१०४००एफ आणि जीटीएक्स १६५० आहे. एक्स२६४ वर गेम अडखळायचा, एनव्हेंकवर आल्यावर तो त्रास संपला. एनव्हेंक म्हणजे ग्राफिक्स कार्डातच या कामासाठी बसवलेला वेगळा भाग. इंटेलमध्ये तशीच क्विक सिंक असते, पण ती आतल्या ग्राफिक्ससोबत येते. प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल तर आतलं ग्राफिक्स नाही, म्हणून क्विक सिंकही नाही. मी ती यादीत बराच वेळ शोधत बसलो होतो.

स्ट्रीमिंग करायचं नसेल तर ठरलेल्या बिटरेटऐवजी (सेकंदाला किती डेटा) सीक्यूपी, म्हणजे ठरलेला दर्जा, घ्या आणि २० च्या आसपास सुरुवात करा. आकडा कमी केला की चित्र चांगलं आणि फाइल मोठी. जागेचा अंदाज असा ठेवा: सेकंदाला २० मेगाबिट म्हणजे मिनिटाला १५० एमबी, तासाला ९ जीबी. मित्राला पेनड्राइव्हवर देताना तो एफएटी३२ असेल तर ४ जीबीवरची फाइल त्यावर जाणारच नाही.

सोर्समध्ये गेम कॅप्चर निवडा. काळी स्क्रीन आली आणि लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील, तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएस आणि गेम दोन्ही एकाच कार्डावर लावा.

आणि आवाज. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि खिडकीतला कूलर बंद करून बसणं शक्य नसतं. माइकमध्ये तो घरघर घुसतोच. ओबीएसच्या माइक फिल्टरमध्ये नॉइज सप्रेशन लावून त्यात आरएनएनॉइज निवडलं की एकसारखा आवाज बराच कमी होतो, पण कूलर जवळ असेल तर शब्दांची टोकंही खाल्ली जातात. हेडसेटचा माइक तोंडाजवळ आणा, बोलताना ओबीएसमधली आवाजाची पट्टी पिवळ्या भागात राहू द्या. सर्वात मोठा फायदा वेगळ्या ट्रॅकचा: अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये गेमचा आवाज एका ट्रॅकवर आणि माइक दुसऱ्यावर ठेवा, आणि आउटपुटमध्ये त्या दोन्ही ट्रॅकांवर टिक करा. मग कॉमेंट्री बिघडली तरी फक्त तीच काढून पहाटे सहाला, कूलर बंद ठेवून, पुन्हा बोलता येते. मी उन्हाळाभर तसंच करतो.

सगळं लावून झालं की दोन मिनिटांचं चाचणी रेकॉर्डिंग करा, पण मेनूत उभं राहून नाही. गेम जिथे सर्वात जड चालतो तिथे, माझ्यासाठी म्हणजे रात्रीच्या पावसात शहरात शिरताना. ओबीएसच्या डॉक्स मेनूतून स्टॅट्स उघडा. रेंडरिंग लॅगमुळे फ्रेम चुकत असतील तर ग्राफिक्स कार्डावर ताण आहे: गेमचा एफपीएस ६० वर बांधा, ओबीएस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. एन्कोडिंग लॅग दिसला तर एन्कोडरचा प्रीसेट हलका करा.

हे सगळं मी छंद म्हणून शिकलो, आणि आता घरून गेम टेस्टिंगची छोटी कामं करताना रोज वापरतो. बग सापडला असं नुसतं लिहून चालत नाही, तो दिसायला हवा, आणि बग काही सांगून येत नाही. त्यासाठी ओबीएसमधला रिप्ले बफर चालू ठेवतो. माझ्या सेटिंगनुसार तो शेवटची ६० सेकंदं रॅममध्ये धरतो, वरच्या हिशेबाने साधारण १५० एमबी, आणि की दाबली की फाइल तयार. ती की हॉटकीजमध्ये स्वतः नेमावी लागते. गेममध्ये तीच की दुसऱ्या कशाला नाही ना, हे आधी तपासून घ्या.