परदेशातल्या पेन शोमध्ये आपल्या संग्रहातले पेन कसे विकावेत

जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या घरांत फाउंटन पेन निघतात ते बहुधा वकिलांच्या, डॉक्टरांच्या नाहीतर हेडमास्तरांच्या टेबलाच्या खणातून. दोन-चार पार्कर, एखादा शेफर, भरपूर चिनी हीरो आणि अगदी तळाशी ड्रॉपरने शाई भरायचे जाडजूड काळे एबोनाइटचे, म्हणजे कडक रबराचे, पेन. त्यात आपण हौसेने घेतलेल्यांची भर पडत जाते आणि मग घरचे विचारू लागतात, ‘एवढ्यांचं करायचं काय?’ तेवढ्यात अमेरिकेतला भाचा फोनवर सांगतो, ‘मामा, इकडे पेन शो भरतात, घेऊन या सगळे.’

शो भरतात हे खरं. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनजवळ, त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोजवळ, शिवाय लंडनला, टोकियोला. हॉटेलच्या दिवाणखान्यात ओळीने टेबलं मांडलेली, त्यावर मखमली ट्रे आणि ट्रेमध्ये पेन. पण ‘सगळे’ न्यायचे नाहीत. कुठले न्यायचे ते घरी बसून ठरवा, निम्मं काम तिथेच होतं.

आधी निवड

माझा एकच आग्रह आहे: तिथे सहज मिळतं ते नेऊ नका. पार्कर ५१ आपल्याकडे अजून मानाचा पेन आहे. पण १९४१ साली बाजारात आलेला हा पेन तीस वर्षं निघत होता, लाखोंनी खपला, आणि अमेरिकेतल्या शोमध्ये तो टेबलाटेबलावर दिसतो. तो इथून तिथे नेणं म्हणजे रावेरला केळी विकायला नेणं. एखादा दुर्मीळ रंगाचा किंवा पहिल्या वर्षाचा असेल तर गोष्ट वेगळी. दांडीवर टोपणाजवळ कोरलेला बारीक आकडा आणि त्याच्या शेजारचे ठिपके भिंगातून पाहा. चाळीसच्या दशकातल्या पार्करवर त्यातून साल आणि तिमाही कळते.

हीरो सरळ बाजूला ठेवा. अपवाद असतील, पण त्यांच्यासाठी विमानातली जागा अडवू नका.

उरतात ते तळाशी पडलेले एबोनाइट, आणि खरा माल तोच. राजमुंद्रीचे रत्नम १९३२ पासून पेन बनवतात आणि त्यांच्या पेनाबद्दल गांधीजींनी १९३५ मध्ये पत्र लिहिलं, हे तिकडच्या संग्राहकांनाही माहीत असतं. राजमुंद्रीचाच गायडर, हैदराबादचा डेक्कन, चेन्नईचा गामा, मुंबईचा एअरमेल यांनाही तिथे विचारणारे असतात. मात्र यातल्या बऱ्याच जणांचे नवे पेन आता जगभर ऑनलाइन घरपोच मिळतात. म्हणून जुनी कारागिरी निवडा: लेथवर हाताने कातलेली, दुकानात न खपता पडून राहिलेली, डबीसकट, किमतीच्या चिठ्ठीसकट. डबी फाटकी असली तरी टाकू नका.

नाव कोरलेल्या पेनांचं काय? पूर्वी नवा पेन घेतला की दुकानाबाहेर बसलेल्या कारागिराकडून दांडीवर नाव कोरून घ्यायची पद्धत होती. कोरलेल्या नावाने तिकडे किंमत उतरते, कारण घेणाऱ्याला दुसऱ्याचं नाव खिशात नको असतं. पण नाव देवनागरीत असेल आणि अक्षर वळणदार असेल तर तसा पेन मुद्दाम शोधणाराही एखादा भेटतो. ते घासून काढायच्या फंदात पडू नका. पेनही जातो आणि गोष्टही जाते.

पहिल्या खेपेला वीस-पंचवीस पेन पुष्कळ झाले.

कायद्याच्या चार गाठी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण पैसे इथेच बुडतात.

पहिली गाठ वयाची. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची ऐतिहासिक किंवा कारागिरीची वस्तू पुरावस्तूत मोडू शकते आणि पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. पार्करचा लाल ड्युओफोल्ड १९२१ चा, म्हणजे त्याचे सुरुवातीचे नग या रेषेच्या पलीकडे गेले. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला घ्या, किंवा तो पेन घरीच राहू द्या.

दुसरी गाठ कशापासून बनलाय याची. हस्तिदंत किंवा खऱ्या कासवाच्या पाठीचं काही असेल तर विषयच संपला, ते नेऊ नका. कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेलं सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक, चालतं, पण यादीत ‘सेल्युलॉइड’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर कस्टम्सच्या टेबलावर वाद घालत बसाल. शिसवी किंवा शिसमच्या लाकडी पेनांच्या लाकडावरही आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम आहेत, तेव्हा आधी चौकशी करा.

तिसरी गाठ व्हिसाची, आणि ती बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाच्या नियमांत लोकांना थेट माल विकायला स्पष्ट मनाई आहे. व्यापारी मेळ्यात हजेरी लावून प्रचार करता येतो, विक्री नाही. बाकी देशांत काय चालतं ते वकिलातीकडून लेखी विचारून घ्या. सोपा मार्ग असा की टेबल तिथल्या नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डवाल्या नातलगाच्या नावाने घ्यायचं, तोच विकणार, तुम्ही प्रेक्षक. भाचा एच-वन-बी वर असेल तर त्याला टेबलावर बसवू नका. त्या व्हिसावर ज्या कंपनीने बोलावलं तिथलंच काम करता येतं. दुसरा मार्ग म्हणजे तिथल्या नेहमीच्या व्यापाऱ्याकडे पेन कमिशनवर ठेवणं. कमिशन जातं, पण कटकटही जाते.

चौथी गाठ मालाची. विकायला नेलेला पेन हा ‘वैयक्तिक सामान’ राहत नाही. आपल्याकडून तो निर्यात ठरतो आणि व्यापारी निर्यातीला आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड नंबर, लागतो. अमेरिकेत माल २,५०० डॉलरच्या वर गेला की कस्टम्सची रीतसर फॉर्मल एन्ट्री करावी लागते. कागदांवर फाउंटन पेनचा कोड ९६०८ ३० असा येतो. फिक्की या उद्योजकांच्या संघटनेकडून मिळणारं एटीए कार्नेट, म्हणजे माल तात्पुरता परदेशी नेण्याचा कागद, ऐकून असाल. ते माल परत आणायचा असेल तर उपयोगी, विकून टाकायचा असेल तर नाही. या सगळ्यासाठी मुंबईतल्या एखाद्या कस्टम्स एजंटला फी देऊन एकदा विचारलेलं परवडतं. आणि जे पेन विकायचे नाहीत, नुसते दाखवायला न्यायचे आहेत, त्यांचं जाताना विमानतळावर एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, फोटो आणि यादीसकट. परत येताना ‘हे बाहेरून आणलं का?’ हा प्रश्न मिटतो.

पेन तयार करणं

भुसावळचा मे महिना पारा पंचेचाळीसच्या वर नेतो, आणि लोखंडी कपाटातल्या पेनाला तो आणखी जास्त जाणवतो. आपल्याकडच्या पेनांची बहुतेक दुखणी त्या कपाटातलीच असतात. आतली रबरी नळी चिकट होऊन तिचं डांबर होतं. नळीतून गंधकाची वाफ सुटते आणि फिकट सेल्युलॉइड मधल्या भागात तपकिरी पडतं. एबोनाइटला उजेड आणि दमट हवा लागली की काळा रंग हिरवट-तपकिरी होतो.

म्हणून जायच्या आधी चार-सहा महिने पेन बाहेर काढा. साध्या, कोमट नव्हे तर गार पाण्यात निब आणि जीभ धुवा. एबोनाइटची दांडी पाण्यात बुडवून ठेवू नका, डाग उठतात. स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात नको. सेल्युलॉइडची वाट लागते. वाळलेली शाई निघत नसेल तर पाण्यात अमोनियाचे थोडे थेंब टाकतात, तेही निबेपुरतेच. क्लिपवर ब्रासो घासण्याचा मोह होतो, पण सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की दुसऱ्या हाताला खालचं पितळ दिसतं.

हिरवट पडलेलं एबोनाइट काळ्या रंगाने रंगवून नेऊ नका. तिथला जाणकार अंगठ्याने दांडी जोरात चोळतो, नाकाशी नेतो, रबर-गंधकाचा वास घेतो आणि लगेच अंगठा बघतो. त्यावर काळं उमटलं की तुमच्या बाकीच्या ट्रेकडेही तो संशयाने पाहतो.

आणखी एक, खास जळगावकरांसाठी. निब सोन्याची आहे का हे बघायला सराफ बाजारात नेऊ नका. कसोटीवर घासलेल्या निबेचा कोपरा जातो, आणि एखादा सराफ सहज म्हणतो, ‘भाऊ, पेन ठेवा तुमच्याकडे, निब मोडीत द्या.’ अशा मोडीत किती चांगले पेन बिननिबेचे झाले असतील! निबेवर १४ कॅरेट किंवा ५८५ छापलं असेल तर तो शिक्का घेणाऱ्याला पुरेसा असतो.

चिठ्ठी आणि भाव

प्रत्येक पेनाला दोऱ्याने छोटी चिठ्ठी बांधा. माझ्या मते त्यावर एवढं हवं: ‘रत्नम, एबोनाइट, ड्रॉपर फिलर. निब १४ कॅरेट, बारीक, थोडी लवचिक. टोपणाच्या कडेला केसासारखी चीर. शाई भरून लिहून पाहिला. किंमत…’ चीर लपवली नाही की घासाघीस कमी होते, कारण ग्राहकाने काढायची खोड तुम्ही आधीच काढलेली असते. पेन लिहून पाहिला नसेल तर तेही लिहा. पेनाचा इतिहास माहीत असेल, उदाहरणार्थ ‘अमळनेरच्या शिक्षकाचा, ते निवृत्तीपर्यंत वापरत होते’, तर एका ओळीत टाका. जास्त रंगवलंत तर लोक हसतात.

भाव ठरवताना ईबेवर ‘मागितलेली’ किंमत बघू नका, ‘विकल्या गेलेल्या’ किमती बघा. तसाच पेन गेल्या काही महिन्यांत कितीला गेला याचा मध्य काढा आणि त्याहून थोडी खाली किंमत लावा. हातात घेऊन, लिहून बघायला मिळतंय म्हणून लोक शोला येतात, तेव्हा तिथला भाव गोड वाटला पाहिजे. खाली कुठपर्यंत उतरायचं तो आकडा वेगळ्या वहीत लिहून ठेवा. चिठ्ठीवर नव्हे.

शोचे दिवस

अमेरिकेतल्या मोठ्या शोमध्ये शनिवार-रविवारची गर्दी सामान्य लोकांची. खरी उलाढाल त्याच्या आधीच्या एक-दोन दिवसांत होते, टेबलवाले आणि जादा पैसे भरून पास घेतलेले संग्राहक तेव्हाच फिरतात. शक्य असेल तर तेव्हाच टेबल मांडा. (टेबल नातलगाच्या नावाने असेल तर विक्रीचं पुढचं सगळं त्यालाच सांगून ठेवा.) पूर्ण टेबल नको, अर्धं पुष्कळ. शेजारी नेहमीचा विक्रेता मिळाला तर त्याची गिऱ्हाइकंही तुमच्या ट्रेवर नजर टाकतात.

टेबलावर गुळगुळीत कागद, छोटी दौत, पाण्याची वाटी आणि टिश्यू ठेवा. ‘बुडवून बघू का?’ असं विचारतील, हो म्हणा. नव्या, कधीच शाई न लागलेल्या पेनाला मात्र नाही म्हणायचं, आणि तसं चिठ्ठीवर आधीच लिहायचं. शाईची दौत विमानात हातातल्या बॅगेत न्यायची तर १०० मिलीच्या आतली. पेन स्वतः हातातल्या बॅगेतच, रिकामे करून. चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.

भाव करणारे दोन प्रकारचे. एक व्यापारी, जो सरळ विचारतो ‘पाच घेतले तर कितीला?’ त्याला पुढे विकायचे असतात, तेव्हा तो निम्म्याच्या आसपास येणार. राग धरू नका. शेवटच्या दुपारी उरलेला माल त्यालाच द्यायचा असतो. दुसरा हौशी, जो एकच पेन हातात घेऊन पाच मिनिटं उभा राहतो, ट्रेमध्ये ठेवतो, पुन्हा उचलतो. त्याच्याशी किमतीचं बोलू नका. पेन कुठून आला ते सांगा आणि थांबा. तो परत येतो. आला नाही तरी चालतं.

सुट्टे डॉलर, विसांच्या आणि दहाच्या नोटा, जवळ ठेवा. तिथली फोनवरून पैसे घेण्याची बरीचशी अॅप तिथल्या बँक खात्याशिवाय चालत नाहीत, तेव्हा तेही ज्याच्या नावाने टेबल आहे त्यानेच घ्यावं. अमेरिकेत विक्री कर राज्याचा असतो आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात शोपुरता तात्पुरता विक्री परवाना काढावा लागतो. आयोजकाला हे आधी विचारा, ते सांगतात.

पैसे घेऊन परत

दहा हजार डॉलरहून अधिक रोख घेऊन अमेरिकेतून निघत असाल तर तिकडे जाहीर करावी लागते. भारतात उतरताना परकीय नोटा ५,००० डॉलरच्या वर किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० डॉलरच्या वर असतील तर करन्सी डिक्लरेशन फॉर्म भरा. घरी २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांच्या आत बँकेत जमा करायच्या. सगळ्यात सुटसुटीत म्हणजे रक्कम बँकेमार्फतच पाठवणं. तिथल्या पावत्या, इथली निर्यातीची कागदं आणि उरलेल्या पेनांची यादी एकाच फाइलमध्ये लावून मार्चअखेर सीएच्या हातात द्या, आणि कर किती, कुठल्या सदरात, हे त्यालाच ठरवू द्या.