कोंबडी लुळी पडल्यास कारण कसे शोधावे

मुंबईतील गोराई, मनोरी, मढ येथील गावठाणांत, आरेतल्या पाड्यांवर आणि उपनगरांतल्या बैठ्या घरांच्या मागे आजही चार-दोन गावरान कोंबड्या पाळल्या जातात. त्यांपैकी एखादी सकाळी खुराड्यातून बाहेर येत नाही, पाय पसरून बसून राहते, तेव्हा घरात एकच शब्द उच्चारला जातो, तो म्हणजे लकवा. आणि मग दुकानातून आणलेली अँटिबायोटिकची पूड पाण्यात मिसळली जाते. लकवा हा स्वतंत्र आजार नसून अनेक आजारांचे बाहेर दिसणारे लक्षण आहे. त्यांतील बहुतेक आजारांवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही, आणि जे वेळेवर उपाय केल्याने बरे होण्यासारखे असतात तेही या गडबडीत हातचे जातात. म्हणून औषधाआधी कारणाचा शोध घ्यावा.

सर्वप्रथम पक्षी वेगळा करावा. यामागे संसर्गाची भीती तर आहेच, पण उठू न शकणाऱ्या कोंबडीला इतर कोंबड्या टोचतात आणि खाण्यापाण्यापर्यंत पोहोचू देत नाहीत, हेही तितकेच खरे आहे. लुळ्या पडलेल्या कोंबड्या पुष्कळदा मूळ आजाराआधी तहानेने मरतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना टॉवेल गुंडाळून अंगाला दोन्ही बाजूंनी आधार द्यावा, खोके सावलीत व हवेशीर जागी ठेवावे आणि पाणी चोचीच्या कडेला थेंबाथेंबाने द्यावे. घशात ओतू नये, कारण गिळण्याची ताकद गेलेली असेल तर ते श्वासनलिकेत जाते. दिवसातून काही वेळा कूस बदलून खालची विष्ठा पुसून काढावी.

त्यानंतर पक्षी हातात घेऊन पाहावा. पाय खरोखर लुळा आहे की दुखतो म्हणून टेकवला जात नाही, हा पहिला भेद आहे. दोन्ही पाय एकाच वेळी बोटांपासून मांडीपर्यंत चाचपावेत: एखादा सांधा गरम व सुजलेला आहे का, हाड मोडल्यासारखे हलते का, तळव्यावर काळी खपली असलेले गळू आहे का, टाचेच्या सांध्यावरून शीर एका बाजूला घसरली आहे का. असे काही आढळले तर दुखापत, सांध्याचा संसर्ग किंवा तळव्याचे गळू यांचा विचार करावा. पायात ना सूज ना उष्णता, आणि बोट चिमटले तरी पाय आखडून घेतला जात नाही, असे असेल तर बिघाड मज्जातंतूत किंवा स्नायूंत आहे असे धरून पुढे जावे.

पुढचा सर्वांत उपयोगी धागा वयाचा आहे. साधारण दीड ते सहा महिन्यांच्या तलंगेचा, म्हणजे तरुण कोंबडीचा, एक पाय पुढे आणि दुसरा मागे ताणलेला असेल, भूक मात्र शाबूत असेल, तर सर्वप्रथम मॅरेकचा आजार मनात आणावा. हंगेरीतील पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ साली त्याचे वर्णन केले. तो नागीण वर्गातील विषाणूमुळे होतो. मांडीतून जाणारे मोठे मज्जातंतू त्यात सुजतात, आणि सूज दोन्ही बाजूंना सारखी नसल्यामुळे पायांची ती विशिष्ट ठेवण दिसते. काही पक्ष्यांत एक पंख लोंबतो, काहींत डोळ्याचे बुबुळ राखाडी पडते आणि बाहुली वेडीवाकडी होते. हा विषाणू पिसांच्या मुळांशी वाढतो आणि झडलेल्या कोंड्यातून, खुराड्याच्या धुळीतून पसरतो. त्या धुळीत तो अनेक महिने तग धरतो. माणसाला त्याची बाधा होत नाही आणि अंड्यातून तो पिल्लात उतरत नाही.

यावर औषध नाही, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. उपाय एकच, तो म्हणजे उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी टोचली जाणारी लस. ती या आजारात शरीरात होणाऱ्या गाठी व लकवा रोखते, मात्र विषाणूचा शिरकाव पूर्णपणे थांबवत नाही. त्यामुळे लस घेतलेली, धडधाकट दिसणारी मोठी कोंबडीही लस नसलेल्या पिल्लांना आजार देऊ शकते. बाजारात टोपलीतून विकली जाणारी पिल्ले घेताना लस टोचली आहे का, हे विचारावेच. उत्तर गुळमुळीत आले तर नाही असेच समजावे. नवी पिल्ले पहिले काही आठवडे मोठ्या कोंबड्यांपासून दूर, वेगळ्या हवेच्या जागी वाढवावीत.

पिल्लू दोन-तीन आठवड्यांचे असेल, पायाची बोटे आत मुठीसारखी वळली असतील आणि ते टाचांवर बसून सरकत असेल, तर दोष खाद्यात शोधावा. ही जीवनसत्त्व ब-२ च्या अभावाची खूण आहे. घरातला उरलेला भात आणि तांदळाची कणी एवढ्यावर वाढवलेल्या पिल्लांत ती दिसते, आणि शिळे, कुबट खाद्यही असे अभाव निर्माण करते. मुंबईच्या पावसाळ्यात उघडे पोते किती लवकर कुबट होते, ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ब-१ कमी पडले तर पिल्लू मान मागे टाकून आकाशाकडे पाहत बसते. ई कमी पडले तर तोल जाऊन डोके खाली वळते. ड किंवा कॅल्शियम-फॉस्फरस कमी पडले तर हाडे मऊ होऊन पाय वाकतात. सुरुवातीलाच ब गटाची पाण्यात मिसळण्याची जीवनसत्त्वे आणि पिल्लांचे ताजे तयार खाद्य सुरू केले, तर वळलेली बोटे पुष्कळदा सरळ होतात. उशीर झाला तर मज्जातंतूची हानी कायमची राहते. उलट चूकही होते: अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, पिल्लांना साधारण एक टक्का पुरते. तेच खाद्य पिल्लांना सतत दिले तर त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

अंडी देणारी कोंबडी अचानक बसली असेल तर अंडे अडले आहे का, ते आधी पाहावे. शेपटीखाली, ओटीपोटाच्या दोन हाडांमध्ये हलक्या हाताने चाचपल्यास कठीण गोळा लागतो. तो पायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर दाबतो, म्हणून पाय लुळे वाटतात. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे खालचा भाग बुडवून ठेवावा, द्वाराशी थोडे खाद्यतेल लावावे आणि अंधाऱ्या, उबदार जागी सोडावे. अंडे आत फोडण्याचा प्रयत्न कधीही करू नये. गोळा नसेल, पण गेल्या काही दिवसांत कवच पातळ येत असेल, तर शरीरातील कॅल्शियम संपल्याची शक्यता मोठी आहे. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवावा. मात्र जी उठूच शकत नाही तिला डॉक्टरांकडून कॅल्शियम लवकर मिळणे महत्त्वाचे आहे.

जून ते ऑक्टोबर या काळात आणखी दोन कारणे इथे विशेष लक्षात ठेवावी लागतात. पहिले सडक्या मांसातील विष. मेलेली घूस, मासळीचा कुजका कचरा आणि त्यावर पोसलेल्या अळ्या यांत बॉट्युलिझमचे, म्हणजे एका जिवाणूने तयार केलेले, विष साठते. अळीला ते बाधत नाही, अळ्या टिपणाऱ्या कोंबडीला बाधते. लुळेपण पायांपासून सुरू होऊन पंख आणि मानेपर्यंत चढते, मान जमिनीवर टेकते, पापण्या मिटतात आणि पिसे ओढताच हातात येतात. एकाच दिवशी दोन-तीन कोंबड्या अशा झाल्या तर सगळा परिसर धुंडाळून तो कचरा खोल पुरावा. सौम्य बाधा झालेला पक्षी आधार व पाणी मिळाल्यास काही दिवसांत सावरू शकतो. दुसरे कारण गोचिडीचे. ती दिवसा लाकडी फळ्यांच्या आणि भिंतीच्या फटींत लपते व रात्री रक्त पिते. तिची पिल्ले मात्र पंखाखाली दिवसच्या दिवस चिकटून राहतात आणि त्यांच्या लाळेमुळे लकवा येतो. रात्री टॉर्च घेऊन फटी पाहाव्यात, दिवसा पंखाखालची कातडी पाहावी. गोचिडीची ही पिल्ले वेळीच काढल्यावर पायांतले बळ परत येते, हे पाहण्यासारखे असते. याच गोचिडीतून ताप आणि हिरवट विष्ठेसह येणारा एक जिवाणूजन्य आजारही पसरतो, आणि त्यावर मात्र डॉक्टरांनी दिलेले पेनिसिलिन चांगले चालते.

पक्षी धापा टाकत असेल, हिरवट पातळ हगवण असेल, मान पिरगळत असेल आणि कळपात आजार भराभर पसरत असेल, तर ती मानमोडी, म्हणजे रानीखेत, असू शकते. लसीचा पहिला थेंब पाच ते सात दिवसांच्या वयात आणि नंतर सहा ते आठ आठवड्यांच्या वयात टोचून दिलेली लस यांमुळे ती टळते; लस बर्फावर आणलेली असली पाहिजे. याच लक्षणांत तुरा निळा पडणे, डोके सुजणे आणि अनेक पक्षी एकदम मरणे यांची भर पडली, तर बर्ड फ्लूची शंका घेऊन मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नये, ते कुणाला देऊ-विकू नयेत आणि पशुसंवर्धन विभागाला ताबडतोब कळवावे. २००६ साली नवापूरला आलेली साथ महाराष्ट्राने पाहिली आहे, आणि असे आजार कळवणे हे २००९ च्या केंद्रीय कायद्याने बंधनकारकही आहे.

ढेकूण-झुरळांची औषधे आणि जुन्या रंगाचे शिसे असलेले पोपडे यांनीही पक्षी लुळा पडतो. नुकतीच फवारणी किंवा रंगकाम झाले असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

एवढे पाहूनही उलगडा झाला नाही आणि पक्षी दगावला, तर तो टाकून न देता शवविच्छेदन करून घ्यावे, कारण मॅरेकची खात्री प्रामुख्याने तिथेच, सुजलेल्या मज्जातंतूंवरून होते. परळला १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे आधी विचारून घ्यावे. मृत पक्षी दोन पिशव्यांत बांधून बर्फाच्या डब्यात न्यावा, फ्रीजरमध्ये गोठवू नये, कारण गोठल्याने पेशी फुटतात आणि तपासणी निरुपयोगी ठरते. सोबत वय, लस, खाद्य, आजाराचा पहिला दिवस आणि उरलेल्या पक्ष्यांची अवस्था एका कागदावर लिहून न्यावी.