उरलेले स्वर माझे : बर्लिनच्या एका हार्मनी ग्रुपमधली तीन वर्षं

मास्टर्सला बर्लिनला आलो तेव्हा बॅगेत एक प्रेशर कुकर, मेतकुटाचा डबा आणि डोक्यात मध्यमा पूर्णपर्यंतचं शास्त्रीय गाणं एवढंच होतं. गाणं इथे कुठे उपयोगी पडेल असं अजिबात वाटलं नव्हतं. पण पहिल्याच हिवाळ्यात युनिव्हर्सिटीच्या नोटीस बोर्डावर एक चिठ्ठी दिसली, पुरुषांचा छोटा ग्रुप आहे, 1930च्या आसपासची गाणी गातो, बॅरिटोन पाहिजे. बॅरिटोन म्हणजे काय ते मी जिन्यात उभं राहून फोनवर शोधलं: पुरुषांचा मधला आवाज, टेनर म्हणजे वरचा आणि बास म्हणजे सगळ्यात खालचा. तिथून तीन वर्षं गेली. आता कुणी ना कुणी विचारत असतं की मलाही असं काहीतरी करायचंय, सुरुवात कशी करू, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

आधी हे गाणं काय प्रकार आहे ते. बर्लिनमध्ये कॉमेडियन हार्मोनिस्ट्स नावाचा ग्रुप होता, पाच गायक आणि एक पियानोवाला. डिसेंबर 1927 मध्ये हॅरी फ्रॉमरमन नावाच्या 21 वर्षांच्या, खिशात दमडी नसलेल्या पोराने पेपरात जाहिरात दिली की पंचविशीच्या आतले, आवाज चांगला असलेले गायक पाहिजेत. त्याला अमेरिकेतल्या रेव्हेलर्स या ग्रुपच्या रेकॉर्डींनी वेड लावलं होतं आणि तसलं काहीतरी जर्मनमध्ये करायचं होतं. रॉबर्ट बिबर्टी बास म्हणून आला, मग वरचा टेनर आरी लेश्निकॉफ, हा बल्गेरियाचा, बॅरिटोन रोमान त्सिकोव्स्की पोलंडकडचा, दुसरा टेनर एरिश कॉलिन, आणि पियानोवर एर्विन बूट्स. सप्टेंबर 1928 मध्ये पहिल्यांदा स्टेजवर आले, म्हणजे तोपर्यंतचे कितीतरी महिने नुसत्या तालमीच. हा आकडा लक्षात ठेवा, कारण तुम्हाला तिसऱ्या आठवड्यात वाटायला लागेल की आपल्याला हे जमणार नाही.

फ्रीडेनाउ भागात श्टुबेनराउखश्ट्रासवर फ्रॉमरमनची खोली होती तिथे आता पाटी लावलीय. नक्की जाऊन या, त्याच रस्त्यावरच्या स्मशानभूमीत मार्लेन डीट्रिशही आहे, एका फेरीत दोन्ही होतं.

आता ऑडिशन. मला म्हणले काहीही गा. मी यमनमधली बंदिश गायलो, मस्त आकार लावून, दोन ताना पण मारल्या. आमचे म्होरके, पासष्टीचे गृहस्थ, डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, सुंदर, आता हेच निम्म्या आवाजात. मग म्हणाले, त्याच्या निम्म्या. मग बाकीचे चौघं माझ्याबरोबर एक सूर धरून उभे राहिले आणि म्हणाले, आता असं गा की मला तू ऐकूच येणार नाहीस पण तू थांबलास तर कळलं पाहिजे. पुढची तीन वर्षं मी हेच शिकतोय.

आपल्याकडून गाणं शिकून गेलेल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास इथे होतो. आपल्याला लहानपणापासून आवाज मोकळा लाव, पुढे ये, स्वतःचं गाणं दाखव असं सांगितलेलं असतं. आणि इथे पाच आवाजांचा मिळून एक आवाज करायचा असतो. मींड चालत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत गेलात की मधल्या वेळात पाच जणांचा कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी लागलेल्या स्वरांचा मेळ, बिघडतो आणि तो सगळ्यांना ऐकू येतो. कणस्वर माझ्या गळ्यात इतका बसलेला की मला तो लागतोय हेच कळायचं नाही, शेवटी शेजारचा टेनर कणस्वर आला की कोपर मारायचा. दोन महिन्यात सुटला. तो कणस्वरच, टेनर अजून आहे.

त्यातून बॅरिटोन म्हणजे तर विचारू नका. वरचा टेनर चाल गातो, बास खाली पाया देतो, त्यामुळे दोघांनाही आपण काय गातोय ते कळतं. मधल्या लोकांना उरलेले स्वर मिळतात. एका गाण्यात मला सलग आठ मात्रा एकच स्वर होता, मग अर्धा स्वर खाली, मग परत वर. याला चालच नाही तर पाठ कसं करणार? माझ्या वर्गातला मडगावचा मित्र इथे कामी आला. गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना सोल्फेज (म्हणजे पाश्चात्य पद्धतीने स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवायची जुनी पद्धत आहे, याच्या घरात ती आजोबांपासून होती, आणि मांडो हे गोव्याचं कोंकणी गाणं गाताना दुसरा आवाज धरायची सवय त्याला लहानपणापासूनची. त्याने होस्टेलच्या खटारा पियानोवर मला बसवून सांगितलं की तुझा स्वर पाठ करू नकोस, तुझा स्वर चालीपासून किती लांब आहे ते पाठ कर. एवढ्या एका वाक्याने माझं काम झालं.

नोटेशन वाचता येत नसेल तर घाबरू नका, पण वाचायला शिका, पर्याय नाही. मी सुरुवातीला स्टाफच्या, म्हणजे नोटेशनच्या पाच रेघांच्या, खाली पेन्सिलीने सारेगम लिहायचो. एक महिना चाललं, मग फसलं, कारण या गाण्यांमध्ये मधेच पट्टी बदलते आणि तुमचा सा तिथेच राहतो आणि गाणं पुढे निघून जातं. सा सोडवला पाहिजे हे मनाला फार लागलं, खोटं कशाला सांगू.

पण आपली म्हणून एक जमेची बाजू आहे. तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो ना, तो पियानोवरच्या गांधारापेक्षा साधारण 14 सेंट उतरलेला असतो (सेंट म्हणजे पियानोवरच्या अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). पियानो थांबतो आणि फक्त गळे उरतात अशा जागी कॉर्डातला तो मधला स्वर तिथे बसला की एकदम सगळं स्थिर होतं, खोलीत कुणीतरी सहावा माणूस गुणगुणतोय असं वाटतं. इथल्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. मला नाही लागलं, कान आधीच तिथे जात होता. पियानो सुरू झाला की मात्र निमूटपणे पियानोच्या सुरात जायचं.

उच्चारांबद्दल थोडं. जर्मनचा त्सेट, म्हणजे Z हे अक्षर, म्हणजे आपल्या चाकूतला च, चिमणीतला नाही, आपल्याला फुकट मिळतो. ओठ ऊसारखे गोल करून तोंडातून ई म्हणा म्हणजे ऊमलाउटवाला, म्हणजे डोक्यावर दोन टिंबं असलेला, यू येतो, तो नीट आला नाही तर त्यांच्या हिरव्या कॅक्टसच्या गाण्यात ग्र्यून म्हणजे हिरवा हा शब्दच मरतो. आणि सगळ्यात भारी गंमत र ची. त्या काळातले स्टेजवरचे गायक र जिभेच्या टोकाने थरथरवायचे, आजचे जर्मन लोक घशातून म्हणतात. त्यामुळे आमच्या ग्रुपमध्ये र चा मास्तर मी आहे. बर्लिनच्या पोरांना सातारकर र शिकवतोय हे घरी सांगितलं तर कुणाला पटत नाही.

तालमी आठवड्यातून दोनदा, अडीच तास. त्यातला पाऊण तास नुसतं गुणगुणणं, मग शब्द काढून फक्त स्वरवर्ण गायचे, कारण प्रत्येकाचा ए वेगळा असतो आणि ए वेगळा असेल तर सूर बरोबर असूनही बेसूर वाटतं. मग शब्द नुसते लयीत बोलायचे. मोठ्या कोरसमध्ये श्वास आळीपाळीने घेता येतो, इथे एका पट्टीला, म्हणजे आवाजाच्या एका भागाला, एकच माणूस, त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा ते पाचही जणांच्या कागदावर पेन्सिलीने खूण केलेलं असतं. पेन्सिल विसरलात तर बोलणी बसतात. कंडक्टर नसतो, अर्धवर्तुळात उभं राहून एकमेकांच्या खांद्यांकडे बघायचं, श्वास घेताना खांदा हलतो तीच खूण.

माझा पहिला कार्यक्रम एका वृद्धाश्रमात होता. एका ओळीच्या शेवटी स होता, सगळ्यांनी तो एका क्षणी सोडायचा आणि शांतता. सगळ्यांनी सोडला. मी अर्धा सेकंद उशिरा, एकटाच. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जसा आवाज येतो तसा. पहिल्या रांगेतल्या आजी जोरात हसल्या आणि त्यांना वाटलं हा विनोद ठरवून केलाय, कारण या गाण्यात तसले विनोद असतातच. तुमची चूक झाली तर चेहरा तसाच ठेवा एवढंच सांगीन.

विनोदावरून आठवलं. वेरोनिका आणि वसंताचं गाणं तुम्हाला करावं लागणारच, 1930चं, सगळ्यांना माहीत असलेलं. त्यात शतावरी उगवतेय असं येतं. इथे एप्रिल ते जून पांढऱ्या स्पार्गलचा, म्हणजे शतावरीचाच, सीझन असतो, दुकानं भरलेली असतात, मला वाटलं भाजीचं कौतुक आहे. मी चार कार्यक्रम अतिशय सात्विक चेहऱ्याने ती ओळ गायलो. मग बासने बिअर पिताना समजावून सांगितलं. गाण्याचे शब्द आधी समजून घ्या राव, डिक्शनरीत बघून नाही, माणसाला विचारून.

आवाजाने वाद्यं काढणं हा या शैलीतला मोठा भाग. फ्रॉमरमन त्यात उस्ताद, त्यांनी ड्यूक एलिंग्टनची एक रचना नुसत्या गळ्यांवर केलीय, ट्रम्पेट वगैरे सगळं तोंडाने, जरूर ऐका. मला वाटलं इथे आपण तबल्याचे बोल टाकू, धमाल येईल. म्होरक्यांनी ऐकून घेतलं, कौतुक केलं आणि नाही म्हणाले. तेव्हा राग आला होता. आता पटतं, ठेका इतका ठळक झाला की त्या गाण्यांचा हलकेपणा जातो.

व्यवहाराच्या गोष्टी भराभर सांगतो. नोटेशनचे कागद झेरॉक्स करू नका, इथे संगीताच्या छापील कागदांची कॉपी कायद्याने चालत नाही, प्रत्येकाला वेगळी प्रत विकत घ्यायची असते, मी पहिल्या दिवशी पाच प्रती काढून अभिमानाने घेऊन गेलो होतो आणि खोलीत एकदम सन्नाटा. यातल्या बऱ्याच गाण्यांचे हक्क अजून जिवंत आहेत, त्यामुळे कार्यक्रमाचे पैसे गेमाला, म्हणजे गाण्यांच्या हक्कांचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेला, भरावे लागतात, ते आयोजकाने भरायचे हे आधीच बोलून घ्या. स्टुडंट परमिटवर वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं पण ते नोकरीसाठी, फ्रीलान्स म्हणून गाण्याचे पैसे घ्यायचे असतील तर परदेशी लोकांच्या ऑफिसातून वेगळी परवानगी लागते, नियम बदलत असतात म्हणून स्वतः विचारून घ्या. आमच्यात टोपीत जमलेले पैसे कोटांच्या ड्रायक्लीनिंगला जातात, विषय संपला. शेपटीवाला काळा कोट सेकंडहँड घ्या, बाह्या तेवढ्या आखूड असल्या तरी चालतं, पॅन्ट मात्र मापाची हवी.

आणि टेनरांची सगळीकडे टंचाई असते. वरचा आवाज असेल तर तुम्हाला कुठेही घेतील, थोडे नखरे केले तरी चालतील. बॅरिटोन असाल तर वेळेवर जा.

एक गोष्ट मात्र घाईत उरकायची नाही. कार्यक्रमाला येणारे लोक किती छान दिवस होते असं म्हणतात. ही गाणी जोरात होती तेव्हा, 1932च्या सुरुवातीला, जर्मनीत साठ लाखांच्या आसपास लोक बेकार होते. आणि सहा जणांपैकी फ्रॉमरमन, कॉलिन आणि त्सिकोव्स्की हे ज्यू किंवा ज्यू कुळातले. नाझी आल्यावर राष्ट्रीय संगीत मंडळाचं सभासदत्व असल्याशिवाय गाता येईना, मार्च 1934 मध्ये त्यांची जर्मनीतली शेवटची मैफल झाली, 1935 मध्ये तिघांना सभासदत्व नाकारलं आणि उरलेल्या तिघांना त्यांच्याबरोबर गायला बंदी केली. तिघं व्हिएन्नाला गेले, तिघं बर्लिनमध्ये राहिले, दोन्हीकडे नवे लोक घेऊन दोन ग्रुप झाले, पण ते परत तसं जमलं नाही. त्सिकोव्स्की पुढे अमेरिकेत सिनेगॉगमध्ये प्रार्थना गायचे, सगळ्यात शेवटी गेले, 1998 मध्ये. माझी पट्टी त्यांची आहे म्हणून मला हे जरा जास्तच लागतं.

आमच्यात यावरून मोठा वाद झाला होता, हसवायला गेलेल्या कार्यक्रमात हे सांगायचं की नाही. पहिला टेनर म्हणायचा लोक बर्थडेला बोलावतात, त्यांचा मूड का घालवा. शेवटी असं ठरलं की एका गाण्याच्या आधी फक्त सहा नावं घ्यायची आणि 1935 हे साल सांगायचं, बाकी काही नाही. ते सांगायचं काम माझ्याकडे आलं. परदेशी उच्चारात ऐकलं की लोक जास्त लक्ष देऊन ऐकतात असं म्होरक्यांचं म्हणणं. मला पहिल्यांदा ते थोडं विचित्र वाटलं, अजूनही वाटतं, पण मी सांगतो. नावं सांगताना कुणी खोकत पण नाही. मग पियानो सुरू होतो आणि आम्ही लगेच कॅक्टसचं गाणं गातो, गॅलरीतल्या कुंडीचं, तद्दन येडपट. आधी ते गाणं त्या जागी नको असं मीच म्हणालो होतो. त्याच जागी ठेवलं ते बरं झालं.

गेल्या दिवाळीत साताऱ्याला गेलो तेव्हा आईने हौसेने विचारलं काय गातोस ते ऐकव की. ग्रुपचं रेकॉर्डिंग फोनमध्ये नव्हतं, फक्त माझ्या पट्टीचा सरावाचा ट्रॅक होता, तोच लावला. तिने भाजी निवडता निवडता साडेतीन मिनिटं पूर्ण ऐकला. मग म्हणाली, बरं आहे रे, पण हे मागचं ऊं ऊं झालं, तुझं गाणं कधी सुरू होतं?

म्हणलं आई, हेच ते.